बंबखान्यातले मास्तर

मास्तरांसमोर आगीचा विषय काढू नये. त्यांना त्यात रस नाही. उभी नोकरी मुंबई अग्निशमन दलात काढलेल्या माणसाला आगीत रस नसावा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण होजविषयी विचारा, दोराविषयी विचारा, शिडी चढवताना खाली पाय देऊन उभं राहणाऱ्याने नजर कुठं ठेवायची ते विचारा. मग तुमचा पुढचा तास गेला म्हणून समजा. आग त्यांच्या मते कुणालाही लावता येते, तिला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती होज गुंडाळायला.

त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही. वडाळ्याच्या प्रशिक्षण केंद्रात जा, कालिन्याला विद्यानगरीत राज्याची अग्निशमन अकादमी आहे तिथं जा, नाहीतर थेट नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात जा. जिथं ड्रिलचं मैदान आहे, मैदानाच्या कडेला नुसत्याच खिडक्या असलेला आणि आत कुणीही न राहणारा उंच टॉवर आहे, तिथं हा माणूस असणारच. कागदावर तो कुठं लीडिंग फायरमन असतो, कुठं सबऑफिसर, कुठं स्टेशन ऑफिसर. नव्या पोरांना शिकवायच्या कामावर नेमणूक झाली की हुद्दा गळून पडतो आणि मास्तर उरतो. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणतात. मास्तर हे पाठीमागचं नाव, आणि आमच्या सोसायटीतही ते त्याच नावाने आले.

अंगकाठी किरकोळ. पोट नाही, जेवण कुठं जातं ते त्यांच्या पत्नीलाही उमगलेलं नाही. गळ्यात पांढऱ्या दोरीला अडकवलेली शिट्टी, मनगटावर घड्याळ असूनही हातात स्टॉपवॉच, आणि पँटच्या उजव्या खिशात हातभर दोराचा तुकडा. आवाज बसलेला. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हुकूम पोचवण्यात तो कायमचा बसला. त्यामुळे मास्तर घरात ‘चहा टाक’ म्हणाले तरी शेजारच्या दोन घरांत आधण चढतं.

पोरं येतात ती भरती जिंकून आलेली असतात. साताऱ्याची, बीडची, जळगावची, कोल्हापुरातल्या कुठल्या कुठल्या तालुक्यांतली. गावाकडच्या भरती अकादमीत पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावलेली, पोलिसात आठवड्याभराने हुकलेली, वनरक्षकात एका गुणाने राहिलेली. २०२३ साली मुंबईने ९१० जागांची भरती काढली तेव्हा दहिसरच्या मैदानावर राज्यभरातून अशी पोरं येऊन धडकली होती. धावायचं, दोरावर चढायचं, उंचावरून जंपिंग शीटमध्ये उडी टाकायची, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घ्यायचा, एवढं सगळं करून जो आत येतो त्याचा दंड फुगलेला असतो आणि छातीही. पहिल्या दिवशी तो मैदानावर उभा राहतो तो एखाद्या पेटत्या इमारतीच्या शोधात. चौथ्या मजल्यावर आजीबाई अडकलेल्या आहेत, खाली टीव्हीवाले आहेत, आणि आपण शिडीवर आहोत, असं चित्र त्याच्या डोक्यात तयार असतं.

मास्तर त्याला होज देतात. ६३ मिलीमीटर व्यासाचा, १५ मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना कपलिंग असलेला होज. म्हणतात, “गुंडाळ.”

तो गुंडाळतो. मास्तर बघतात. बोटाने इशारा करतात. तो उलगडतो. परत गुंडाळतो. कपलिंग जमिनीला टेकताना ‘ठक्’ असा आवाज होतो आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते ती खरी असते. कपलिंगच्या कडेला पोचा आला तर ते ऐन वेळी जुळत नाही. न जुळलेल्या कपलिंगमधून पाणी भलतीकडे उडतं आणि आत गेलेल्या दोघांच्या हातात रिकामा पाइप राहतो. हे सगळं ते सांगत नाहीत. सांगितलेलं विसरतं, दुखलेलं लक्षात राहतं, हा त्यांचा शिक्षणशास्त्रातला एकमेव सिद्धांत. म्हणून पोरगा संध्याकाळपर्यंत होज गुंडाळतो. दुसऱ्या दिवशी होज धुतो. तिसऱ्या दिवशी टॉवरवरून लटकवून वाळवतो. जुन्या कॅनव्हासच्या होजला ओलाव्याने बुरशी लागायची, आताच्या होजना आतून रबरी अस्तर असतं आणि त्यांचं एवढं लाड-कौतुक करावं लागत नाही. पण वाळवण घालण्याचा हक्क मास्तरांनी सोडलेला नाही.

आठवडा गेला की कुणीतरी धीर करून विचारतो, “सर, आग कधी?”

“आग बघायची असेल तर दिवाळीत गावी जा,” मास्तर म्हणतात. “इथं पगार गुंडाळायचा मिळतो.”

पगाराचं वाक्य ऐकून पोरं हसतात. मास्तर स्टॉपवॉच दाबतात, म्हणजे हसण्याचा वेळही मोजला गेलेला असतो.

ड्रिल सुरू झाली की नावं जातात. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन, नंबर चार. एकाने ब्रँच, म्हणजे होजच्या पुढच्या टोकाची तोटी, धरायची, दुसऱ्याने त्याच्या मागे होजला खांदा द्यायचा, तिसऱ्याने हायड्रंटवर स्टँडपाइप बसवायचा, चौथ्याने मधल्या लांब्या जोडत न्यायच्या, असं जे ठरलेलं असतं ते पुढच्या फेरीत बदलतं, आणि त्याच्या पुढच्या फेरीत परत बदलतं. हुकूम सगळे साहेबाच्या काळचे. दल १८८७ चं, घोड्यांच्या बंबांच्या जमान्यातलं. घोडे गेले, साहेब गेला, हुकूम राहिले. “वॉटर ऑन!” म्हणजे पाणी सोडा, आणि ‘नॉक ऑफ’ म्हणजे बंद करा. मास्तरांची हुकूम देण्याची भाषा इंग्रजी, समजावण्याची मराठी आणि संताप झाला की मालवणी. “मेल्या, खंय बघतंस? हंय बघ!” हे वाक्य बीडच्या पोराला पहिल्या महिन्यात कळत नाही. दुसऱ्या महिन्यात तो गावी फोनवर भावाला तेच म्हणतो.

इतकी वर्षं तेच ते का, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, रात्री तीन वाजता, झोपेतून उठून, धुरात, लोक किंचाळत असताना माणसाचं डोकं चालत नाही. ते चालावं अशी अपेक्षाही करू नये. तेव्हा हातांना ठाऊक असलं पाहिजे. एवढं बोलून त्यांनी माझ्या पिशवीच्या तुटलेल्या बंदाकडे बघितलं, खिशातला दोर काढला आणि ती अशी बांधून दिली की आजही ती पिशवी फक्त त्यांनाच सोडता येते.

दंडवाल्या पोराची गाठ पहिल्यांदा पाण्याशी पडते तो प्रसंग मात्र बघण्यासारखा असतो. मास्तर त्याची निवड आधीच करून ठेवतात. जिममध्ये जाणारा, बनियनच्या बाह्या दुमडणारा. “तू धर ब्रँच. एकटा.” पोरगा दोन्ही पाय जुळवून, छाती काढून उभा राहतो. मास्तर पंपावरच्या ऑपरेटरकडे बघून एक बोट वर करतात. मग दुसरं. सपाट पडलेला होज मैदानभर सळसळत गोल होत येतो, पाणी ब्रँचपाशी पोचतं, आणि काट्यावर प्रेशर ७ किलोकडे सरकायला लागलं की पोराच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य येतं. पाणी पुढे जातं आणि ब्रँच मागे येते, हे त्याने शाळेत न्यूटनच्या नावाने पाठ केलेलं असतं. पण न्यूटनने त्याला कधी ढकललेलं नसतं. तो एक पाऊल मागे सरतो, दुसरं सरतो, मग टाचा घसरतात आणि तो चिखलात बसतो. पाण्याचा फवारा आकाशात, मास्तर कोरडे. ते कुठं उभं राहायचं ते ठरवूनच उभे असतात. मग ते रांगेतला सगळ्यात बारका पोरगा बोलावतात. त्याला एक पाय पुढे, एक मागे, अंग पुढे झुकवून, ब्रँच काखेखाली दाबून उभा करतात आणि मागे दुसरा देतात. बारका हलत नाही. दंडवाला चिखलातून बघत राहतो. त्या दिवसापासून बनियनच्या बाह्या सरळ.

मैदानावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस मात्र मास्तर नव्हेत. तो आहे पुतळा. कापडाचा, आत वाळू भरलेला, ५० किलोच्या आसपासचा, चेहरा नसलेला. पोरांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं आहे. कारण उघड आहे: स्वतः काडीची मदत करत नाहीत, वजन कमी करत नाहीत, आणि तरी त्यांना अलगद, मानाने, डोकं कुठं आपटू न देता आणावं लागतं. फायरमन्स लिफ्ट घालून खांद्यावर घेतलं की जावईबापूंचा एक हात नेमका उचलणाऱ्याच्या तोंडावर येतो. त्यांना तिसऱ्या मजल्यावरून दोराने खाली सोडायचं असलं की चेअर नॉट घालायची: एक फास काखांखाली, दुसरा गुडघ्यांखाली. फासांची अदलाबदल झाली तर जावईबापू उलटे होऊन, पाय आकाशाला लावून खाली येतात. असे ते एकदा आले. मास्तर खाली उभे होते. त्यांनी टोपी काढली, जमिनीवर ठेवलेल्या पुतळ्यापाशी उकिडवे बसले आणि वरच्या खिडकीतल्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात पुतळ्याची माफी मागितली. “सॉरी हां. नवीन आहे तो.” वरच्या पोराला महिनाभर कुणी दुसरी शिक्षा केली नाही. लागली नाही.

गाठींबद्दल तर बोलूच नये. क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड, राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग हात पाठीमागे घेऊन. पोरं लोकलमध्ये, कँटीनमध्ये, मोबाइलवर आईशी बोलताना बुटाची नाडी घेऊन सराव करतात. मास्तरांच्या घरातली कपडे वाळत घालायची दोरी गेल्या कित्येक वर्षांत सैल पडलेली नाही, आणि दिवाळीत घर आवरताना ती सोडायची झाली तर काकूंना मास्तर ड्यूटीवरून येईपर्यंत थांबावं लागतं. दिवाळीत मास्तर ड्यूटीवरून येत नाहीत. ज्या दिवशी सगळं शहर फटाके लावतं त्या दिवशी बंबखान्याला रजा नसते. त्यामुळे काकूंच्या घरी दिवाळीची साफसफाई देवदिवाळीला होते.

मग येते धुराची खोली. अंधारी, आत आडवळणं, मध्ये पलंग, टेबलं, उलटी खुर्ची, आणि कोंडलेला धूर. पाठीवर बीए सेट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा सिलिंडर, तोंडावर मुखवटा. सिलिंडर कागदावर अर्धा-पाऊण तास पुरतो. घाबरलेल्या माणसाला तो कागदाइतका कधीच पुरत नाही. धापा टाकल्या की हवा झपाट्याने जाते, आणि बडबड केली की त्याहून झपाट्याने. त्यामुळे आतून सगळ्यात आधी ज्याच्या सेटची धोक्याची शिट्टी ऐकू येते तो वर्गातला बोलका पोरगा असतो, हे मास्तरांना आधीच ठाऊक असतं आणि ते घड्याळाकडे न बघता त्याचं नाव सांगतात. नंबर नाही, नाव. त्या खोलीच्या दाराशी मास्तर नावं वापरतात.

आत चालायची रीत वेगळी. भिंत सोडायची नाही. ज्या भिंतीने गेलात तिनेच परत यायचं. वजन मागच्या पायावर, पुढचा पाय जमिनीला घासत पुढे न्यायचा, जमीन आहे अशी खात्री झाली की मग त्यावर भार टाकायचा; कारण आगीनंतर जमीन असतेच असं नाही. आणि पुढे चाचपायचं ते हाताच्या पालथ्या बाजूने. तळव्याने नाही. उघड्या वायरला तळवा लागला तर बोटं मिटतात आणि वायरच पकडून धरतात. पालथा हात लागला तर तो आखडून आपल्याकडे येतो. हे एकदा कळलं की माणूस जन्मभर अंधारात पालथ्या हाताने चालतो. मास्तरांच्या घरी वीज गेली की ते देवघरापर्यंत असेच जातात, आणि काकू तोवर मेणबत्ती लावून मोकळ्या झालेल्या असतात.

एका पोराने एकदा विक्रम केला. आत शिरला, मास्तरांनी मुद्दाम हलवून ठेवलेला पलंग चुकवला, जावईबापू शोधून काढले आणि बाकीच्यांच्या निम्म्या वेळात त्यांना ओढत बाहेर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुखवटा काढून तो घामाने निथळत, छाती फुगवून मास्तरांसमोर उभा राहिला. मास्तरांनी दाराशी लावलेला बोर्ड बघितला. आत जाणाऱ्याने आपली टॅली, म्हणजे नावाची पट्टी, तिथं द्यायची असते. कोण आत गेला, किती वाजता, हवा किती होती, हे बाहेरच्याला त्यावरून कळतं.

“तुझी टॅली?”

पोराने खिसा चाचपला. टॅली खिशातच होती.

“म्हणजे तू आत गेलाच नाहीस,” मास्तर म्हणाले. “बोर्डाप्रमाणे तू आत्ता कँटीनमध्ये वडापाव खातोयस. छत पडलं असतं तर आम्ही तुला कँटीनमध्ये शोधत बसलो असतो. परत जा. आणि ह्यांना घेऊन जा, जिथून आणलंस तिथं ठेव.”

जावईबापू पलंगाखाली होते. मास्तर त्यांना बहुतेक वेळा पलंगाखाली, कपाटात किंवा मोरीत ठेवतात. नवी पोरं खोलीच्या मधोमध शोधतात. लहान मुलं आग लागली की लपतात, दाराकडे येत नाहीत, असं मास्तर एकदाच सांगतात, आणि हे त्यांना कसं माहीत असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

शूर पोरांचा त्यांना मनस्वी कंटाळा आहे. शूर पोरगा टॅली विसरतो, जोडीदार सोडून पुढे जातो आणि दार लाथेने उघडतो. सिनेमातला नायक नेमकं हेच करतो, म्हणून मास्तरांबरोबर सिनेमाला जाणं हा एक शारीरिक त्रास आहे. आधी ते बाहेर पडायच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजतात, मग दाराला कुलूप तर नाही ना ते बघून येतात, आणि पडद्यावर नायकाने पेटत्या खोलीचं दार धाडकन उघडलं की उठून उभे राहतात. बंद खोलीत कोंडलेल्या धुराला अचानक हवा मिळाली तर काय होतं ते ते मागच्या रांगेला समजावून सांगतात. मागची रांग त्यांना बसायला सांगते. आधी दार पालथ्या हाताने चाचपून बघायचं, गरम लागलं तर खाली वाकायचं, बाजूला व्हायचं, पाणी तयार ठेवायचं आणि मग किलकिलं करायचं. असा सीन एकाही दिग्दर्शकाने घेतलेला नाही, कारण त्याला फार वेळ लागतो.

दर तुकडीला ते १४ एप्रिलची गोष्ट सांगतात. सांगावीच लागते, देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ सालची मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज, आत कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याच सोबतीला स्फोटकं. पोरं स्फोटाची वाट बघत असतात. मास्तर स्फोटापाशी येतच नाहीत. पंप कुठं लावले होते, पाणी कुठून घेतलं, कापूस पाण्याने का विझत नाही, आतून धुमसत का राहतो, यातच त्यांचा तास जातो. शेवटी फळ्यावर लिहितात: दुपारी ४ वाजून ६ मिनिटं. खाली लिहितात: दलाची ६६ माणसं. मग विचारतात, “जागेवर पोचल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा?” उत्तर एकच आहे: आत काय भरलंय. ते सगळ्यांनी एकेक करून म्हणून दाखवायचं. काळबादेवीचं गोकुळ निवास, ९ मे २०१५, जुनी लाकडी इमारत कोसळून चार अधिकारी गेले, त्यात खुद्द दलाचे प्रमुख, हे ते फळ्यावर लिहीत नाहीत. तोंडीच सांगतात, आणि सांगून झालं की त्या दिवशी होज गुंडाळायला स्वतः बसतात. पोरं त्या वेळी मध्ये येत नाहीत.

मुली आल्या तेव्हा मात्र मास्तर हादरले. नागपूरच्या महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक ठरल्या, ही बातमी त्यांनी पेपरात वाचून नीट घडी घालून ठेवली होती. ती नागपूरची गोष्ट होती. २०१२ साली मुंबईच्या दलातही मुली आल्या. मुली शिडी चढतील का ही शंका मास्तरांना आली नाही. शंका आली ती स्वतःच्या मालवणीची. पंचवीस वर्षांत साठवलेला शब्दसंग्रह एका रात्रीत टाकून द्यायचा होता. पहिल्या दिवशी मैदानावर आले आणि म्हणाले, “आपण कृपया ती शिडी जागेवर ठेवावी, आणि कृपया पुन्हा आणावी.” मैदानावर शांतता पसरली. जुन्या पोरांना वाटलं, साहेबांची बदली तरी झाली किंवा रिपोर्ट तरी आला. त्या ‘कृपया’ची दहशत मालवणीहून भारी पडली. आठवड्याभरात साताऱ्याच्या एका मुलीने जंपिंग शीटमध्ये उडी मारायला वर घुटमळणाऱ्या पोराला खालून “मेल्या, खंय बघतंस?” असं विचारलं. ती उडी तिने आधीच मारलेली होती. मास्तर मान फिरवून टॉवरकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मालवणी सर्वांसाठी खुली झाली.

सहा महिन्यांनी दीक्षांत संचलन होतं. गावाकडून आई-वडील येतात, फेटे बांधून चुलते येतात, लहान भावंडं खुर्च्यांवर उभी राहतात. पोरं टॉवरवरून दोराने सरसर उतरतात, पाण्याचे फवारे कमानीत उडतात, टाळ्या पडतात. मास्तर त्या वेळी मैदानाच्या कडेला, प्रात्यक्षिक संपल्यावर होज कोण गोळा करतो ते बघत असतात. जो टाळ्यांकडे न बघता कपलिंग उचलून घेतो त्याचं नाव ते मनात लिहितात.

मग पोरांची नेमणूक होते आणि पहिली वर्दी येते. संक्रांतीच्या दिवसांत ती बहुधा झाडावर मांजात अडकलेल्या कावळ्याची असते. गावाकडे आई विचारते, “काय विझवलंस रे?” पोरगा विषय बदलतो. मास्तरांना फोन करून मात्र तक्रार करतो: सर, सहा महिने शिकलो आणि कावळा? मास्तर विचारतात, शिडी कुठं टेकवली होती, खाली पाय कुणी दिला होता, शिडीचा कोन काय होता. कावळ्यालाही तेच लागतं. दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी गाडी आहे, अभिमानाची गोष्ट आहे. पण गल्लीच्या तोंडाशी कुणी स्कूटर लावून चहाला गेला असेल तर ९० मीटर तिथंच थांबतात आणि चार पोरांनी स्कूटर उचलून बाजूला ठेवायची असते. त्याचीही ड्रिल मास्तरांनी बसवली होती. नंबर एक हँडल, नंबर दोन मागचं चाक, नंबर तीन मालकाशी भांडण.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या सोसायटीत राहायला आले. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. आमच्याकडे ते कागदावर वेळेवर जायचं. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात जिन्यातली होजची लाल पेटी उघडली. आत कुणाचातरी झाडू, दोन कुंड्या आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल निघाला. होज होता, तो त्यांनी बाहेर काढला, बघितला, आणि जिन्यातच बसून गुंडाळला.

मग मॉक ड्रिल ठरली. रविवारी सकाळी दहाची वेळ. धोक्याची घंटा वाजली तेव्हा पाच जणांनी सेक्रेटरींना फोन करून आवाज बंद करायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर उतरल्या. दोघं लिफ्टने आले. एक गृहस्थ दागिन्यांचा डबा, पासबुकं आणि दुधाचं पातेलं घेऊन आले आणि पत्नीला आणायला परत वर गेले. मास्तर खाली स्टॉपवॉच धरून उभे होते. काही वेळाने त्यांनी ते खिशात ठेवलं.

अडकलेल्या माणसाची भूमिका चेअरमननी आग्रहाने मागून घेतली होती. चौथ्या मजल्यावरून आपल्याला उचलून आणावं, फोटो काढावेत, ते अहवालात लावावेत, अशी त्यांची कल्पना. मास्तरांनी जुने दोन शिष्य बोलावले होते, दोघंही आता चांगले स्थिरावलेले. त्यांनी चेअरमनना खुर्चीत बसवलं, बांधलं आणि जिन्याने उतरायला लागले. पहिल्या शिष्याने उतरता उतरता हळूच म्हटलं, “सर, वजन जावईबापूंच्या दुप्पट आहे.” मास्तर खालून म्हणाले, “असू दे. डोकं सांभाळ.”

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. जिन्यात भिंतीला लागून चपलांचं मोठं कपाट होतं, आरशाचं, वर मनीप्लांट ठेवलेलं. चेअरमन खुर्चीत बांधलेले, एक पाय मनीप्लांटमध्ये. “कुणी ठेवलंय हे इथं?” ते ओरडले. जिन्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कपाट चेअरमनच्या मुलीचं होतं. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ते ठेवायला परवानगी त्यांनीच सोसायटीच्या लेटरहेडवर दिली होती.

मास्तर दोन पायऱ्या वर आले. आधी चेअरमनच्या कमरेची गाठ तपासली. मग सेक्रेटरींना म्हणाले, “फोटो हवे होते ना? आता काढा.”

कपाट दुसऱ्याच दिवशी हललं. सध्या ते गच्चीच्या दारासमोर आहे.